टीव्हीतलं तांबं सगळ्यांना हवं, काच कोणालाच नको

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरचा जुना डब्बा टीव्ही खाली उतरवला. एकवीस इंची, पाठीमागे पोट सुटलेला, दोघांनी धरल्याशिवाय न हलणारा. फाटकाशी कबाडी उभाच होता. त्याने टीव्ही पालथा घातला, मागचं झाकण काढलं आणि पान्ह्याच्या एका ठोक्यात पिक्चर ट्यूबची मान तोडली. आत हवा शिरल्याचा फुस्स आवाज आला. मानेभोवती तांब्याच्या तारेचं कडं असतं, ते त्याने उपसून घेतलं. सर्किटचा बोर्ड ओढला, स्पीकर काढला, वायर कोपराभोवती गुंडाळली. दीडशे रुपये माझ्या हातावर ठेवून हातगाडीला हात घातला.

"आणि हे?" मी उरलेल्या काचेकडे बोट दाखवलं.

"काच कोन घेते काकू? द्या फेकून नाल्याकडं."

ई-कचऱ्याचं सगळं दुखणं या एका वाक्यात आहे. बिघडलेल्या प्रत्येक यंत्राचे दोन भाग असतात. एक विकला जाणारा, दुसरा कोणालाच नको असलेला. पहिल्यासाठी गिऱ्हाईक दारात येतं. दुसऱ्याचं काय होतं, हे कोणी विचारत नाही. त्या टीव्हीच्या काचेत शिसं असतं. ट्यूबमधून निघणारे क्ष-किरण घरात बसलेल्यांपर्यंत येऊ नयेत म्हणून ते मुद्दाम मिसळलेलं असतं, आणि मोठ्या टीव्हीत त्याचं वजन दोन-तीन किलोंपर्यंत जातं. म्हणजे मी दीडशे रुपये घेतले आणि शिसं ठेवून घेतलं.

## ई-कचरा कशाला म्हणायचं?

वीज किंवा बॅटरी लागणारी वस्तू वापरातून गेली की ती ई-कचरा. मोबाइल आणि लॅपटॉप लगेच डोळ्यासमोर येतात, पण वजनाने बघितलं तर फ्रिज, वॉशिंग मशीन, एसी, मिक्सर हेच जड. नागपुरातल्या घरात त्यात भर पडते ती कूलरच्या जळालेल्या मोटरींची आणि दर मे महिन्यात दगा देणाऱ्या पंपांची. आमच्या सज्जावर असे चार पंप आहेत. का ठेवलेत, घरात कोणालाच सांगता येत नाही.

जगात २०२२ साली सुमारे ६.२ कोटी टन ई-कचरा तयार झाला. त्यातला २२ टक्क्यांच्या आसपास रीतसर गोळा होऊन रिसायकल झाल्याची नोंद आहे. भारतात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या हिशेबाने २०२१-२२ मध्ये १६ लाख टन तयार झाला आणि सव्वापाच लाख टनांवर रीतसर प्रक्रिया झाली. हा १६ लाखांचा आकडा कोणी काट्यावर मोजलेला नाही. कोणत्या वर्षी किती माल विकला गेला आणि तो साधारण किती वर्षं टिकतो, यावरून काढलेला अंदाज आहे. सज्जावरचे माझे पंप त्यात कुठे बसतात, देव जाणे.

## आत्ताच एवढी चर्चा का?

सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने कचऱ्यातून महत्त्वाची खनिजं काढणाऱ्या उद्योगांसाठी १,५०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली. महत्त्वाची खनिजं म्हणजे लिथियम, कोबाल्ट, निऑडिमियम अशी मंडळी. बॅटरी आणि शक्तिशाली चुंबक यांच्यावाचून होत नाहीत, आणि भारत त्यासाठी बहुतांशी बाहेरच्या देशांवर अवलंबून आहे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये चीनने दुर्मीळ धातूंच्या चुंबकांच्या निर्यातीवर बंधनं आणली, तेव्हा आपल्या वाहन कारखान्यांची धावपळ उडाली होती. असेच छोटे चुंबक जुन्या हार्ड डिस्कमध्ये आणि इयरफोनमध्ये असतात.

म्हणून सरकारला आता ई-कचरा खाणीसारखा दिसू लागला आहे. दिसणं चुकीचं नाही. टोकियो ऑलिंपिकची सुमारे पाच हजार पदकं जपानने लोकांनी दिलेल्या जुन्या उपकरणांतल्या धातूंपासून बनवली. जवळजवळ ७९ हजार टन उपकरणं, त्यात ६२ लाख मोबाइल, आणि हाती लागलं ३२ किलो सोनं, साडेतीन हजार किलो चांदी. पण हे आकडे उलटे वाचून बघा. ३२ किलो सोन्यामागे बाकी हजारो टन माल होता. त्याचीही सोय जपानला करावी लागली.

## तर्रीतून मीठ वेगळं काढून दाखवा

लोखंडाची बादली वितळवून पुन्हा लोखंड करता येतं. मग मोबाइलचं एवढं कौतुक कशाला?

तर्री-पोह्यांची तर्री घ्या. तेल, तिखट, मीठ, गरम मसाला, चणे. करायला अर्धा तास. आता त्याच तर्रीतून मीठ वेगळं, तिखट वेगळं, तेल वेगळं, आणि पुन्हा वापरता येईल इतकं स्वच्छ काढा. चणे हाताने वेचता येतील. तेलाचा तवंग चमच्याने निघेल. मिठाचं काय करणार?

सर्किट बोर्ड ही तशीच तर्री आहे. फायबरच्या पाटीवर तांब्याच्या रेषा, वर कथलाचं डाखकाम (जुन्या बोर्डांत त्यात शिसंही), टोकांवर सोन्याचा पापुद्रा, सुट्या भागांत चांदी, पॅलेडियम, टँटॅलम, आणि पाटी पेटू नये म्हणून तिच्यात मुरवलेली ब्रोमीनयुक्त रसायनं. रीतसर कारखान्यात आधी हाताने चणे वेचतात, म्हणजे बॅटरी, पडदा, मोटर, वायर सोडवतात. उरलेलं यंत्रात भरडतात. चुंबकाने लोखंड ओढून घेतात, विजेच्या भोवऱ्याच्या तंत्राने ॲल्युमिनियम उडवून बाजूला पाडतात, जड-हलकं पाहून तांबं आणि प्लास्टिक अलग करतात. शेवटी बोर्डाची भुकटी भट्टीत किंवा रसायनांच्या बंद टाक्यांत जाते. तिथला धूर गाळला जातो, पाणी शुद्ध केलं जातं. खर्च येतो तो या गाळण्याला आणि शुद्ध करण्याला. धातू काढणं त्यामानाने स्वस्त आहे.

हा खर्च टाळला की धंदा एकदम फायद्याचा होतो. तिथूनच दुसरी वाट फुटते.

## "कबाडी नेतो ना, मग बिघडलं कुठे?"

कबाडी हा या साखळीतला सगळ्यात निरुपद्रवी माणूस. तो गोळा करतो, वेगळं करतो आणि मोठ्या गोदामाला विकतो. गोदामातून माल तांबेवाल्याकडे, प्लास्टिकवाल्याकडे जातो. बोर्ड गठ्ठ्याने पुढे सरकतात. दिल्लीचं सीलमपूर आणि उत्तर प्रदेशातलं मुरादाबाद या कामासाठी वर्षानुवर्षं ओळखलं जातं. तिथे बोर्ड भाजून सुटे भाग पाडतात, मग आम्लात बुडवून सोनं सुटं करतात. सोनं विरघळवणाऱ्या आम्लाच्या मिश्रणाला मराठीत अम्लराज असं राजेशाही नाव आहे. सोनं निघाल्यावर तो राजा गटारात जातो.

एवढं लांब जायलाही नको. एका संध्याकाळी शहराच्या कडेला नाल्याकाठी एक पोरगा वायरचं भेंडोळं जाळताना पाहिलं. तेरा-चौदा वर्षांचा असेल. वायर सोलत बसण्यापेक्षा जाळणं सोपं. प्लास्टिक जातं, तांबं राहतं. काठीने भेंडोळं उलटवत होता, धूर आला की दंडात तोंड लपवत होता. वायरवरचं आवरण बहुधा पीव्हीसीचं असतं. ते उघड्यावर जळताना डायॉक्सिन नावाची संयुगं तयार होतात, आणि माणसाला ठाऊक असलेल्या वाईटात वाईट विषांत त्यांची गणना आहे. त्याच्या पिशवीत तांबं जेमतेम दोन किलो असेल.

फ्रिज आणि एसीची कथा निराळी, कारण तिथे काही दिसतच नाही. कॉम्प्रेसर जड असतो, त्यात तांबं असतं, म्हणून नळी कापून तो पहिल्यांदा काढतात. कापताच आतला गॅस हवेत. २०००च्या आसपासपासून कित्येक वर्षं घरगुती फ्रिजमध्ये भरला गेलेला आर-१३४ए हा गॅस पृथ्वी तापवण्यात कार्बन डायऑक्साइडपेक्षा वजनाला वजन १,३०० पटींहून भारी आहे. सत्तेचाळीस अंशांचा उन्हाळा सोसणाऱ्या गावाने हा हिशेब निदान ऐकून ठेवावा.

नागपुरात मारबतीच्या दिवशी तिचा भलामोठा पुतळा मिरवत आपण ओरडतो, "इडा पिडा घेऊन जा गे मारबत!" आणि गावाबाहेर नेऊन तिला जाळून टाकतो. घरातल्या बिघडलेल्या वस्तूंच्या बाबतीतही आपलं तेच चालतं. फाटकाबाहेर गेली की गेली. शिसं आणि कॅडमियम मात्र कुजत नाहीत, जळून नाहीसे होत नाहीत. नाल्यात फेकलेल्या काचेतलं, बोर्डाच्या राखेतलं जे पाण्यात उतरतं ते नाग नदीत, तिथून कन्हानमध्ये, पुढे वैनगंगेत आणि गोसीखुर्दच्या जलाशयात. आपल्या गावाचं सांडपाणी भंडाऱ्याकडच्या लोकांच्या वाट्याला जातं, ही तक्रार ते कितीतरी वर्षं करत आहेत. ई-कचरा हा त्यातला छोटा पण चिवट वाटेकरी.

## जेवायला घालणाऱ्यानेच पत्रावळी उचलायच्या

कायदा यावर काय म्हणतो? ई-कचऱ्याचे पहिले नियम २०११ मध्ये झाले, २०१६ मध्ये बदलले, आणि सध्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. आधी यादीत २१ प्रकारच्या वस्तू होत्या, आता शंभराहून अधिक आहेत. नियमांचा कणा म्हणजे उत्पादकाची विस्तारित जबाबदारी, थोडक्यात ईपीआर.

लग्नात स्वयंपाकाचा ठेका देताना आपण ठरवून घेतो की पंगती उठल्यावर पत्रावळीही त्यानेच उचलायच्या. ईपीआर म्हणजे तेच. ज्या कंपनीने टीव्ही विकले, तिने काही वर्षांनी ठराविक वजनाच्या ई-कचऱ्याची विल्हेवाट लावल्याचं दाखवायचं. २०२५-२६ पासून हे प्रमाण तेव्हा विकलेल्या वजनाच्या ७० टक्के, २०२७-२८ पासून ८० टक्के. कंपनीने तुमचाच टीव्ही शोधत यायचं नाही. तिने नोंदणीकृत रिसायकलरकडून तेवढ्या वजनाची प्रमाणपत्रं विकत घ्यायची. त्या पैशातून रिसायकलरचा गाळण्या-शुद्ध करण्याचा खर्च निघावा, ही अपेक्षा.

कागदावर चोख. पण ही प्रमाणपत्रं फार स्वस्तात विकली जाऊ लागली, म्हणून सरकारने २०२४ मध्ये किमान दर बांधला, घरगुती इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी किलोमागे २२ रुपये. कंपन्या त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. त्यांचं म्हणणं, एवढा भार आमच्यावर कशाला? माझं म्हणणं, त्यापेक्षा कमी पैशात प्रामाणिकपणे काम होत असतं, तर नाल्याकाठी तो पोरगा बसला नसता.

दुसरी गोष्ट मला जास्त खटकते. प्रमाणपत्रांचा हिशेब बसवला तो सोनं, तांबं, ॲल्युमिनियम आणि लोखंड या चार धातूंवर. म्हणजे सरकारी कागदानेही कबाड्यासारखंच केलं, किमतीचं ते मोजलं. बाकीचं घातक ते अधिकृत भरावभूमीत नेऊन पुरायचं असा नियम आहे, आणि नागपूरजवळ बुटीबोरीला औद्योगिक घातक कचऱ्याची तशी सामाईक सोय आहेही. पण पुरण्याचे पैसे खिशातून जातात. तिथे लक्ष ठेवणारा डोळा हवा. प्लास्टिक कचऱ्याच्या अशाच योजनेत २०२३ साली लाखो बोगस प्रमाणपत्रं उघडकीला आली होती.

## "फोनमध्ये सोनं असतं, मग घरीच काढलं तर?"

भाचा विचारतो, कारण त्याने व्हिडिओ पाहिलाय. एका फोनमध्ये सोनं असतं साधारण ०.०३ ग्रॅम. एक ग्रॅमसाठी तीस-पस्तीस फोन फोडावे लागतील. त्यासाठी लागणाऱ्या आम्लाच्या पिवळ्या-लाल वाफा फुप्फुसात गेल्या तर त्रास काही तासांनी सुरू होतो, तोवर माणूस आपण सुखरूप आहोत असं समजून जेवून झोपलेला असतो. व्हिडिओत हे दाखवत नाहीत.

## "आणि माझे फोटो, बँकेची माहिती?"

ही शंका खरी आहे. घरोघरी ड्रॉवरमध्ये फोन पडून राहतात ते याच भीतीने. अलीकडच्या स्मार्टफोनमधली माहिती मुळातच कुलूपबंद असते. फॅक्टरी रीसेट केलं की त्या कुलपाची किल्ली नष्ट होते. फक्त त्याआधी गूगल किंवा ॲपलच्या खात्यातून बाहेर पडा, आणि सिम व मेमरी कार्ड आठवणीने काढा. मी एकदा कार्ड काढायला विसरले होते. दुकानदार भला निघाला म्हणून निभावलं.

कॉम्प्युटरच्या जुन्या हार्ड डिस्कचं मात्र सांभाळून. तिथे फाइल डिलीट करणं म्हणजे पुस्तकाची अनुक्रमणिका फाडणं. धडे आत तसेच असतात. पूर्ण डिस्कवर नवी माहिती लिहून पुसणारं फॉरमॅट करावं लागतं. ते जमत नसेल तर डिस्क तुमच्यासमोर भोकं पाडून निकामी करायला रिसायकलरला सांगा. बरेच जण करतात.

## मग कबाड्याला बंदच करायचं का?

नाही, आणि ते शक्यही नाही. गल्लीगल्लीत पोचणारी गोळा करण्याची इतकी स्वस्त व्यवस्था कोणत्याही कंपनीला उभारता आलेली नाही. पुण्यात 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था घरोघरून जुन्या वस्तूही उचलते. गोळा करणाऱ्याला हाताशी धरून पुढची वाट बदलता येते, असं त्यावरून दिसतं. शिवाय एक नमुना आपल्या घरातच आहे. इन्व्हर्टरची बॅटरी बदलताना दुकानदार जुनी परत मागतो आणि तिची किंमत बिलातून वजा करतो. जुनी बॅटरी परत घेण्याचा नियम २००१ पासूनचा. त्यातल्याही काही बॅटऱ्या चोरट्या भट्ट्यांत जातात, पण कचराकुंडीत इन्व्हर्टरची बॅटरी पडलेली तुम्ही पाहिली आहे का?

## नागपुरात राहणाऱ्याने करायचं काय?

पहिली गोष्ट बर्डीत होते, रिसायकलरकडे नव्हे. सीताबर्डीच्या गल्ल्यांत हातभर रुंदीच्या दुकानात बसलेला कारागीर ज्या फोनची बॅटरी बदलून आणखी तीन वर्षं काढून देतो, तो फोन त्या तीन वर्षांत कचरा होत नाही. कारखान्यात फोन बनवताना जेवढी ऊर्जा आणि धातू लागतात, त्यातलं थोडंच रिसायकलिंगने परत मिळतं. कूलरची मोटरही वाइंडिंग करून मिळते. पैसे वाचतात ते वेगळे.

दुरुस्ती होण्याजोगं नसेल तर वस्तू अख्खी द्या. तोडू नका, स्क्रू काढू नका, कॉम्प्रेसर वेगळा विकू नका. किमतीचा भाग निघून गेला की उरलेल्या सांगाड्याला रिसायकलरही हात लावत नाही, कारण त्याचा खर्च तांब्यातूनच निघायचा असतो. कुठे द्यायचं, त्यासाठी केंद्रीय मंडळाच्या ईपीआर संकेतस्थळावर नोंदणीकृत रिसायकलरांची यादी सर्वांसाठी खुली आहे. कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन करून "जुना माल कुठे जमा करू?" हेही थेट विचारता येतं. उत्तर टोलवाटोलवीचं आलं तर दुसऱ्यांदा विचारा. एकट्याच्या मिक्सरसाठी गाडी येत नाही, पण सोसायटीतल्या वीस घरांनी एकाच रविवारी माल काढला की येते. पावती मागा, आणि पावतीवरचं नाव यादीत आहे का ते बघा.

कचरागाडीत यातलं काही टाकू नका. विशेषतः लिथियमच्या बॅटऱ्या. गाडीत दाबली जाऊन त्यांना भोक पडलं की आतल्या आत पेट घेतात, आणि भांडेवाडीच्या कचराडेपोतल्या ढिगाला उन्हाळ्यात आगीचं निमित्त तसंही पुरतं. बॅटरी काढता येत असेल तर टोकांवर चिकटपट्टी लावून वेगळी ठेवा. फुगलेली असेल तर दाबू नका, टोचू नका. कोरड्या वाळूच्या डब्यात, घराबाहेर सावलीत ठेवा. ट्यूबलाइट आणि सीएफएल फोडू नका, त्यात थोडासा का होईना पारा असतो.

आमच्या टीव्हीची ती काच पोत्यात बांधून तीन आठवडे जिन्याखाली ठेवली होती. एका कार्यालयाचा ई-कचरा न्यायला रिसायकलरची गाडी येणार असं ओळखीतून कळलं, त्यांच्या मिनतवाऱ्या करून पोतं त्यात चढवलं. त्यांनी मला काही दिलं नाही. तांबं आधीच विकून बसले होते, मागणार तरी कोणत्या तोंडाने?

परवा तोच कबाडी पुन्हा आला. जावेकडचा तसाच डब्बा टीव्ही निघणार आहे, तो न तोडता अख्खा न्यायचा असेल तर बोल, म्हटलं. त्याने डोकं खाजवलं.

"अख्खा घेनारा कोनी असन तर त्याचा नंबर द्या काकू, मी नेऊन देतो. पन काचेचं वजन गाडीवर मी फुकट नाही वाहनार."